भुलाबाईसाठी स्पीकर

सप्तपर्णी फुलली की भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या निम्म्या लोकांचं डोकं दुखायला लागतं आणि उरलेले निम्मे कवी होतात. मी तिसऱ्याच गटातला. मला त्या वासाने स्पीकर आठवतो. काळा, वरती मूठ असलेला, भरल्या कुकरएवढा जड.

यंदा ती झाडं जरा लवकरच घमघमली. परवा दिवेलागणीला तळ्याच्या काठाने फिरून येत होतो. पाऊस नुकताच आवरता झालेला, तळं काठोकाठ, आणि हवेत तो गोड, जड, डोक्यात जाणारा वास. शेजारची इंजिनीअरिंगला असलेली मुलगी फाटकापाशी उभी होती. तिच्या तळहातावर बेसनाच्या लाडवाएवढा स्पीकर.

"अंकल, नया लिया है. कैसा है, बताइए ना! सब कहते हैं आप एक्सपर्ट हैं."

मी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला आणि म्हणालो, "छान आहे."

घरी येऊन बायकोला, म्हणजे शोभाला, हे सांगितलं तर तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "तुम्ही 'छान आहे' म्हणालात आणि तिथेच थांबलात? बरं वाटत नाही का तुम्हाला?"

तिची काळजी रास्त होती. सगळी नोकरी मी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. आलेला सुटा भाग मोजायचा, ठोकायचा, तापवायचा, आणि शेवटी पास किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा. असा माणूस घरी आल्यावर शिक्का खिशात ठेवत नाही. नात्यागोत्यात कुणाला काही घ्यायचं असलं की मी न बोलावता हजर. मिक्सर, गिझर, शिलाई मशीन, काहीही. चुलतभावाला मी एक कूलर निवडून दिला होता. हवा, पाणी, आवाज, सगळ्यांत अव्वल. फक्त तो त्याच्या घराच्या दारातून आत जात नव्हता. त्या कूलरने उन्हाळाभर अंगणाला गार वारा घातला. भावाची म्हैस असती तर तिने मला दुवा दिला असता.

आणि तरीही त्या वर्षी, इंदूमावशीच्या ऑपरेशननंतरच्या त्या भाद्रपदात, लोकांनी पुन्हा माझ्यावरच विश्वास ठेवला. लोक शहाणे नसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

इंदूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. माझे वडील काय आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका काय, दोघेही नागपूरहून सरकारी दप्तरांसोबत भोपाळला आलेले. फायलींच्या पेट्यांबरोबर घरच्या ट्रंका आल्या, आणि मावशीच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळून, भुलाबाई आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या विदर्भाकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. मातीच्या दोन छोट्या मूर्ती, भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी. संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. गाण्यांत सगळी सासरची गाऱ्हाणी आणि माहेरची ओढ. मग खिरापत, म्हणजे खाऊ. पण तो असा सरळ मिळत नाही. झाकलेला डबा मुलींपुढे खुळखुळवायचा आणि त्यांनी आत काय आहे ते ओळखायचं.

मुलींना आवाजावरून फुटाणे कळायचे, शेंगदाणे कळायचे, शंकरपाळे तर तिसऱ्या घराच्या पायरीवरून कळायचे. म्हणून मावशी मुद्दाम मुकी खिरापत करायची. साबुदाण्याची खिचडी, शिरा, दडपे पोहे. डबा हलवला तरी हूं नाही की चूं नाही. मग मुलींचा गिल्ला. "मावशी, हिंट द्या ना! मीठा है कि नमकीन?" "पोहा-जलेबी?" "अगं, जलेबी कुठून आणेल ती, डब्यात पाक सांडेल!" भोपाळच्या मुलींनी ओळखलेल्या खिरापतींची यादी ऐकून नागपूरची एखादी आजी बेशुद्ध पडली असती.

मुद्दा असा की त्या मुलींना गाणी येत नव्हती. नागपुरात, अमरावतीत मुली आईच्या मांडीवरच ती शिकतात. इथल्या मुलींच्या मांडीवर हिंदीचं पुस्तक. त्यांतल्या निम्म्या मराठी घरांतल्या, निम्म्या टाळ्या आणि खिरापत यांच्या ओढीने आलेल्या. समोरच्या मिश्रांची सलोनी तर नेमाने यायची. मुलींपाशी वही होती, वहीत शब्द होते, पण चाल नव्हती. म्हणून मावशीने भोपाळपुरती एक पद्धत बसवली होती. ती एक ओळ म्हणायची, थांबायची. मुली तीच ओळ तिच्या मागे म्हणायच्या. मग पुढची. असं करत तिने चाळीस वर्षांत मुलींच्या किती तुकड्या पार केल्या असतील देव जाणे. चार इमली वसाहतीतल्या सरकारी बंगल्यात सुरुवात झाली, काका निवृत्त झाल्यावर आमच्या शाहपुऱ्याच्या गल्लीत पुढे चालू.

हे सगळं मला माहीत होतं, हे कृपा करून लक्षात ठेवा. माहीत नसलेल्या गोष्टीत माणूस जपून वागतो. खरा मूर्खपणा करायला पुरेशी माहिती लागते.

त्या वर्षी उन्हाळ्यात मावशीच्या गळ्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढू, घाबरायचं कारण नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही. मावशीने ते ऐकून घेतलं आणि मुलीला, माधुरीला, बंगळुराहून बोलावून घेतलं. ऑपरेशनच्या आधीच्या दोन दुपारी दोघी आतल्या खोलीत दार लावून बसल्या. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. मावशी घामाने निथळत गायली आणि माधुरीने गाणी रेकॉर्ड केली. सत्तावीस. बाहेर काका वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते, उगीच, त्यांच्याकडचा पंखा चालू असूनही.

गाठ साधी निघाली. आवाज मात्र गेला. जी उरली ती कुजबूज. समोर बसलेल्यालाच ऐकू येईल एवढी.

श्रावण लागला तेव्हा मावशीने मला बोलावलं. "विनू," ती कुजबुजली, आणि मी तिच्याजवळ खुर्ची ओढली. "पोरींना गाणं मिळालं तरच बसवायची भुलाबाई. नाही तर यंदा मूर्ती तळ्याला द्यायच्या आणि मोकळं व्हायचं. मुकी भुलाबाई घरात नको मला."

"मुकी कशाने? गाणी आहेत ना तुझी!"

"आहेत. पण ती माधुरीच्या त्या डबीतून डासासारखी ऐकू येतात."

डबी म्हणजे माधुरी ठेवून गेलेला डिजिटल प्लेअर. पत्त्याच्या कॅटाहून लहान, पोटात हजार गाण्यांची जागा, आणि ऐकायला कानात घालायच्या दोन बोंड्या. दहा मुलींनी त्या आळीपाळीने घालायच्या की काय? मी तत्काळ म्हणालो, "मावशी, स्पीकरचं माझ्यावर सोड." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी तितक्याच आत्मविश्वासाने. आत्मविश्वासात माझ्या कधी खोट निघालेली नाही.

तेव्हा डॉक नावाचा प्रकार नवा होता. डॉक म्हणजे स्पीकरची अशी पेटी की जिच्या मधोमध एक खाच. खाचेत प्लेअर उभा करायचा. तो तिथे बसला की चार्जही होतो आणि गातोही. आज ते प्लेअर गेले, खाचा गेल्या, सगळं हवेतून चालतं. पण त्या काळी तो खाचेत बसताना होणारा 'टक' असा आवाज ऐकून मला जे समाधान व्हायचं ते पुढे कुठल्याच यंत्राने दिलं नाही. काही तरी नेमकं जागच्या जागी बसलं, याचा तो आवाज.

मी तीन डॉक मिळवले. एक ऑफिसातल्या मित्राचा, एक मेहुण्याचा, आणि एक न्यू मार्केटच्या दुकानातून, आठवड्यात परत करण्याच्या बोलीवर. जेवणाच्या टेबलावर ते ओळीने मांडले. रजिस्टर काढलं. रकाने आखले. शोभा म्हणाली, "बापरे. बिचारे."

कसोट्या मी भुलाबाईच्या हिशोबानेच बसवल्या होत्या, यात कुणी मला नावं ठेवू नये. भुलाबाई एका घरी बसत नाही, मुली आज मावशीकडे तर उद्या आणखी कुणाकडे. म्हणजे डॉक उचलून नेता आला पाहिजे. संध्याकाळी वीज जाते; म्हणजे सेलवर चालला पाहिजे. अंगणात गायचं, म्हणजे आवाज उघड्यावर पुरला पाहिजे, आणि पूर्ण वाढवल्यावर फाटता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोवती दहा मुली टाळ्या वाजवत पाय आपटणार. म्हणजे हादऱ्याने प्लेअर खाचेतून हलता कामा नये.

ही शेवटची कसोटी घ्यायला मी आणि शोभा टेबलाभोवती फेर धरून नाचलो. शोभा पुण्याची. तिच्याकडे भोंडला. त्यामुळे भुलाबाईची गाणी तिला येत नाहीत, आणि आली असती तरी तिने ती माझ्याबरोबर म्हटली नसती.

"अजून जोरात पाय आपट," मी म्हणालो.

"अहो, खालचे लोक वर येतील."

"आले तर त्यांनाही फेरात घेऊ. दहा जणी हव्यात."

न्यू मार्केटवाला डॉक बाद झाला, कारण त्याला सेल लागतच नव्हते. भिंतीतल्या प्लगशिवाय तो मुका. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत पोर्टेबल. परत करायला गेलो तर दुकानदार मला समजावू लागला, "पोर्टेबल ही तो है साहब. जहाँ मर्ज़ी ले जाओ. बस वहाँ प्लग होना चाहिए." या व्याख्येने आमचा फ्रीजही पोर्टेबल ठरत होता. मेहुण्याच्या डॉकचा खर्ज असा दमदार की त्यातून मावशीचा आवाज काढला तर तो रांजणातून काका बोलावेत तसा यायचा. मित्राचा डॉक उरला. काळा, मूठवाला, आठ सेलवर चालणारा. दिसायला कळकट, पण गळ्याचा स्वच्छ. मावशी 'र' म्हणताना जीभ जराशी जास्त घोळवते, ते मला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यातून कळलं. ती गच्चीत गात होती आणि मी खाली कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी उभा राहून ऐकत होतो. पानवाला म्हणाला, "कौन गा रहीं हैं? बड़ी सुरीली हैं." मी छाती फुगवून सांगितलं, "मौसी हैं मेरी." म्हणालो तेव्हा ते खरं होतं आणि नव्हतंही. मावशी त्या वेळी घरी पडून होती, गळ्याला पांढरा पंचा गुंडाळून.

एकेक गाणं तीन डॉकवर, चार अंतरांवरून, शिवाय सेल उतरत जाताना आवाज किती पडतो ते पाहायला पुन्हा. सत्तावीस गाणी. रोज संध्याकाळी कारखान्यातून आलो की मी, चहा आणि मावशी. शोभा भाजी निवडता निवडता सासूच्या तक्रारींचं गाणं गुणगुणायला लागली तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं.

आणि याच कसोटीत मला तो दोष सापडला.

दोष डॉकमध्ये नव्हता, रेकॉर्डिंगमध्ये होता. मावशी एक ओळ म्हणायची आणि मग काहीच नाही. पाचसहा सेकंद शांतता. मग दुसरी ओळ. पुन्हा शांतता. मी आवाजाची पातळी मोजायला बसावं आणि मधेच गाणं गायब. तपासणी विभागातल्या माणसाला भरीव तुकड्यात पोकळी दिसली की त्याचं काय होतं ते तुम्हाला कळणार नाही. ओतीव लोखंडात बुडबुडा राहिला तर अख्खा भाग रद्द होतो. मी विचार केला, बिचारी मावशी. गळा दुखत असणार. प्रत्येक ओळीनंतर दम खात होती. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. आणि त्या पाणावल्या डोळ्यांनी मी संगणक सुरू केला.

पडद्यावर गाणं दिसतं तेव्हा ओळी म्हणजे डोंगर आणि शांतता म्हणजे पठार. मी पठारं कापली. चार संध्याकाळी बसून, सत्तावीस गाण्यांतली सगळी. डोंगराला डोंगर असा चिकटवला की सांधा कुठे ते देवाला कळू नये. काम अप्रतिम झालं, हे मी आजही म्हणेन. मग साफ केलेली गाणी त्याच नावांनी, माधुरीने पाठवलेल्या त्याच पेनड्राइव्हवर जतन केली आणि जुनी पुसून तीच प्लेअरमध्ये भरली.

तो पेनड्राइव्ह पाठवताना माधुरीने फोनवर बजावलं होतं, "विनूदादा, माझ्या लॅपटॉपवरची गाणी उडालीत, हीच एक प्रत आहे हां." मी म्हणालो होतो, "मला शिकवतेस?" डॉकच्या मूल्यमापनाचा माझा अहवाल मी तीन प्रतींत काढला होता. मावशीच्या आवाजाची प्रत एकच होती, आणि तिच्यावर मी करवत चालवली.

पौर्णिमा आली. दिवसभर भुरभुर होती, संध्याकाळी उघडलं. मावशीच्या बैठकीत कोनाडा सजला, ज्वारीची धांडी मिळाली नाहीत म्हणून मक्याची उभी केली, मधे भुलाबाई आणि भुलोजी. दहा-बारा मुली. मावशी वेताच्या खुर्चीत, नवी साडी, गळ्यावरचा वण पदराने झाकलेला. बायका भिंतीशी. पुरुषांपैकी काका बाहेरच्या खोलीत आणि आत फक्त मी, तंत्रज्ञ म्हणून.

मी आधी दोन शब्द बोललो. डॉकची वैशिष्ट्यं सांगितली. आठ सेल, किती संध्याकाळी पुरतील, खाच कशी घट्ट आहे. सलोनी म्हणाली, "काका, गाना लगाओ ना, भूक लगी है." मी प्लेअर खाचेत बसवला. टक.

मावशीचा आवाज खोलीभर पसरला. स्वच्छ, घोळदार, जवळचा. मावशीने डोळे मिटले. मुलींनी टाळी धरली, पहिली ओळ ऐकली, आपली पाळी म्हणून तोंडं उघडली, आणि तोवर दुसरी ओळ आली. त्या दचकल्या. दुसरी धरायला गेल्या तर तिसरी. टाळ्या एकमेकींत अडकल्या. कुणी पहिलीच ओळ म्हणतंय, कुणी चौथी, दोघी नुसत्या टाळ्या वाजवतायत, आणि स्पीकरमधली मावशी कुणासाठी न थांबता चाललीय, गाडी गाठायची असल्यासारखी.

"काका!" सलोनी ओरडली. "मावशी तो साँस ही नहीं ले रहीं!"

मुली फिदीफिदी हसल्या. भिंतीशी बायका हसल्या. मीही हसलो, कारण अजून मला कळलं नव्हतं. "दुसरं लावतो," म्हणालो. दुसरं त्याहून वेगात सुटलं. तिसऱ्याला मुलींनी टाळ्यासुद्धा सोडल्या.

मावशीने डोळे उघडले होते. तिने बोटाने मला बोलावलं. मी वाकलो.

"विनू, माझ्या पोरींची जागा कुठे गेली?"

"कुठली जागा?"

"ओळीनंतरची. प्रत्येक ओळीनंतर ठेवली होती मी. मनात सगळ्या मागे म्हणायच्या तेवढा वेळ थांबून मग पुढची घेतली. कुठे गेली?"

कारखान्यात एकदा माझ्या पायावर लोखंडी ठोकळा पडला होता. पहिल्या क्षणी दुखत नाही. फक्त कळतं की आता दुखणार आहे.

"मावशी, ती... मला वाटलं, रिकामी आहे. म्हणून काढली."

"काढली?"

"कापली."

"मग परत घाल."

"परत... नाही घालता यायची. मूळचं ठेवलं नाही मी."

ओरडण्याची सोय मावशीपाशी नव्हती, आणि त्याने सगळं फार अवघड केलं. मग ती उठली, डॉकपाशी आली, आणि बटणावर बोट ठेवलं. ओळ वाजू द्यायची आणि बटण दाबून थांबवायचं, असा तिचा विचार. पण बटण दाबल्यावर यंत्र थांबायला क्षणभर घ्यायचं आणि सुरू व्हायलाही. ओळीचं शेपूट तुटायचं, पुढचीचं तोंड. तीन वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी तिने प्लेअर खाचेतून उपसला आणि माझ्या हातात दिला.

"राहू दे," ती म्हणाली. शोभा जवळ होती, तिनेही ऐकलं. "खिरापत वाटून दे मुलींना. ओळखायला नको लावूस आज. मूर्ती उद्या सकाळी तळ्याला देऊ. चाळीस वर्षं पुष्कळ झाली."

तिने हे रडून म्हटलं असतं तर मी समजूत काढली असती. ती पदराने भुलाबाईसमोरची सांडलेली हळद टिपत होती, पाहुणे गेल्यावर आवरतात तशी.

मुली वह्या मिटू लागल्या. सलोनीचं मात्र मन निघेना. ती वहीत बघत पहिलंच गाणं एकटी म्हणायला लागली. दोन शब्द बरोबर, तिसऱ्याला चाल भलतीकडे. ऐकवेना. आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवलेलं नसताना, बरोबर ओळ निघाली. चालीसकट. 'र' घोळवून.

खोलीत सगळे माझ्याकडे वळले. त्यात मीही असतो तर बरं झालं असतं.

मी त्या वेळी चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला, पोट सुटलेला माणूस. आणि मी म्हणालो होतो की सासू मला माहेरी जाऊ देत नाही.

"काका को आता है!" सलोनी किंचाळली. "काका, आगे?"

"अगं, मला कुठे..." मी म्हणालो. पण मला येत होतं. मला दुसरी ओळ येत होती, तिसरी येत होती, ते गाणं येत होतं आणि त्यापुढची सव्वीस येत होती. आठवडेच्या आठवडे मी काय केलं होतं? कारखान्यातून आल्यावर चहासोबत, गच्चीवरून, कोपऱ्यावरून, नव्या सेलवर, मेल्या सेलवर. भोपाळमध्ये इंदूमावशीनंतर भुलाबाईची गाणी येणारा एकच प्राणी शिल्लक होता आणि तो मी होतो.

शोभाने मला मागून ढकललं. "म्हणा आता. टेबलाभोवती नाचताना लाज नाही वाटली."

मी मावशीकडे पाहिलं. ती कोनाड्याशी तशीच उभी, हळदीचं बोट वर. मग ती चालत येऊन परत खुर्चीत बसली आणि मला जवळ बोलावून कानात म्हणाली, "रोज यावं लागेल. कोजागिरीपर्यंत. सुट्टी नाही."

"ऑफिस..."

"सुट्टी नाही."

बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज आला, "कोण गातंय रे ते रेड्यासारखं?"

मी गेलो. तो महिना, आणि पुढे दर वर्षीचा. पितृपक्षात गेलो, नवरात्रात गेलो. करोंदच्या मंडीकडे निघालेल्या सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागे अडकून उशीर झाला तर मुली फाटकात उभ्या असायच्या, "काका, कितना लेट!" ऑफिसात कुणाला कळू नये म्हणून खटपट केली, सगळ्यांना कळलं. साहेबांनी एकदा भर मीटिंगमध्ये विचारलं, "सुना है आजकल आपकी सास बहुत तंग कर रही है?" मी म्हणालो, "जी सर, कोजागिरी तक." कापलेली गाणी अजून आहेत माझ्याकडे. क्वचित लावतो. ऐकताना मलाच धाप लागते. मावशी परवा म्हणाली, अजून तुझा गळा तसाच आहे, पोरींना वाईट वळण लावशील. सलोनी इंदूरला असते, लेकीला फोनवर चाल शिकवायला सांगते, आणि मी शिकवतो.

पण त्या पहिल्या संध्याकाळी यातलं काहीच नव्हतं. मी फेराच्या मधोमध उभा होतो, हात कुठे ठेवावेत ते न कळून. पहिली ओळ म्हटली. सवयीने लगेच दुसरीवर जाणार, कारण कापलेलं गाणंच माझ्या कानात बसलं होतं, तर शोभाने डोळे वटारले. मी तोंड मिटलं. थांबलो. उभं राहून काही न करणं याइतकं कठीण काम मी कारखान्यातही केलं नव्हतं. वाटलं, आता सगळं कोसळणार. आणि मुलींनी ओळ उचलली. बारा तोंडांनी, वेड्यावाकड्या मराठीत, टाळी बरोबर समेवर. जागा भरून वाहिली.

दुसरी ओळ. थांबलो. त्यांनी उचलली.

तिसऱ्या ओळीला माझी नजर मुलींच्या डोक्यांवरून खुर्चीकडे गेली. मावशीचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, यायचाही नव्हता, पण ती मुलींबरोबर माझ्या मागे म्हणत होती. चाळीस वर्षं ती पुढे म्हणत आलेली. मागे कसं म्हणतात याची तिला सवय नव्हती. मुली ओळ संपवून मोकळ्या झाल्या तरी तिचं शेवटचं अक्षर ओठांवर राहत होतं.

मी चौथी ओळ जराशी उशिरा घेतली.